लेबर ऑफिसरचा चहा

धुळाजीच्या आवाजाबद्दल लोक जे सांगतात त्यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरतं ते पुष्कळ आहे. त्यानं शिरूर कासारच्या माळावरून मेंढरांना हाळी दिली की नेकनूरच्या बाजारात विकायला उभी असलेली मेंढरं माना वर करायची आणि गिऱ्हाइकाच्या मुठीतून कान सोडवून घ्यायची. शिरूर कुठं, नेकनूर कुठं! पण मेंढराला नकाशा कळत नाही, आवाज कळतो.

ह्या आवाजापायीच त्याला साखर कारखान्यात नोकरी लागली. गव्हाणीवर, म्हणजे जिथं उसाच्या मोळ्या पट्ट्यावर पडतात आणि चरकाकडं निघतात तिथं, यंत्रांचा असा कालवा असतो की माणसाला स्वतःची शिंक ऐकू येत नाही. तिथं कुणाचा हात सापडला, मोळी अडकली, तर ओरडायचं कुणी? धुळाजीनं. तो ‘थांब!’ म्हणाला की पट्टा तर थांबायचाच, पण बाहेरच्या रस्त्यानं चाललेली एस.टी.सुद्धा उभी राहायची आणि कंडक्टर दार उघडून विचारायचा, “कोण उतरतंय?”

दुसरं काम वर्षातून एकदा. सहकारी कारखाना म्हटल्यावर कामगार तोच सभासद, सभासद तोच मालक. वार्षिक सभेत सेक्रेटरी ‘विषय क्रमांक अमुक’ एवढं म्हणायचा अवकाश, पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर!’ झालं पाहिजे. त्या रांगेत मधोमध धुळाजीची खुर्ची. त्याचा एक मंजूर बाकीच्या मंडपाला पुरून उरायचा.

ते छावणीचं साल होतं. पावसानं पोळ्याला तोंड दाखवलं ते पुन्हा फिरकलाच नाही. धरणात गाळ उरला होता आणि पुढाऱ्यांनी मागं जलपूजनाला सोडलेले नारळ उरले होते; पोरं ते वेचून आणत. जनावरं छावणीत, माणसं टँकरच्या रांगेत. तरी कारखान्याची सभा व्हायची ती झालीच, आणि मंडपामागं बुंदीचा घाणा पडायचा तोही पडला. पाक कुठल्या पाण्याचा केला हे विचारायचं नसतं.

“विषय सहा,” सेक्रेटरी म्हणाला. “मनुष्यबळ समतोल आणि संधी-विस्तार...”

“मंजूर!” धुळाजी गरजला. मंडपाचा एक खांब हलला, दोन म्हातारे जागे झाले आणि त्यांनीही मंजूर म्हणून घेतलं. मग सगळे बुंदीला उठले.

घरी आल्यावर सत्यभामानं, त्याच्या बायकोनं, विचारलं, “कशाकशाला मंजूर म्हनून आलाव?”

“समतोलाला.”

“म्हंजी?”

“चांगलंच आसंल. वाईटाला समतोल कोन म्हनतं?”

 सत्यभामानं त्याच्या उपरण्यातली बुंदी सोडून घेतली आणि एक कळी तोंडात टाकून विचार करत राहिली.

चार दिवसांत कुजबुज सुरू झाली. चेअरमन म्हणे धरणाखालच्या पट्ट्यातून थोडाफार ऊस आणून दिवाळीनंतर बॉयलर पेटवणार; पण अर्ध्याच माणसांत कारखाना चालवणार. बाकीच्या अर्ध्यांचं काय, ते सभेत ठरलंय. कुणी ठरवलं? तुम्हीच की! हरिबा बॉयलरवर होता. तो धुळाजीला म्हणाला, “आपली मान आपुनच मंजूर केली गड्या. तुझा आवाज सगळ्यात मोठा व्हता.”

“पर माझी मान हाय का तुझी?”

“त्ये कुनालाच म्हाईत न्हाई.”

इथंच सगळी गोम होती. कागद नाही, नोटीस नाही, फळ्यावर नाव नाही. कारण मार्गशीर्षात कारखान्याची निवडणूक होती आणि ज्याची नोकरी गेली त्याचं मत जात नसतं, ते फक्त समोरच्या पॅनलला जातं.

आणि धुळाजीला तर लगेच कळायला हवं होतं. सत्यभामाचा चुलत भाऊ बंकट हा ऊसतोडीचा मुकादम. त्याचा ट्रॅक्टर रविवारी दिवस मावळायच्या आत कर्नाटकात निघणार होता. टोळीच्या हिशेबात नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बंकटच्या टोळीत एका कोयत्याची जागा होती आणि ती त्यानं बहिणीसाठी अडवून ठेवली होती.

“दाजी, हो म्हना का न्हाई म्हना,” बंकट म्हणाला. “रविवारी ट्रॅक्टर हलला की माझ्या हातात काय न्हाई. मागं वीस जन उभे हायेत.”

गेलं आणि इकडं नोकरी शाबूत असली, तर बॉयलर पेटल्या दिवशी धुळाजी गैरहजर, मग नोकरी आपल्या पायानं गेली. राहिलं आणि नोकरी गेलेली असली, तर टोळी पण गेली, नोकरी पण गेली, आणि माळावर उन्हाळ्यापर्यंत दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं. तेव्हा प्रश्न एकच होता: नोकरी हाय का गेली?

तो विचारायला धुळाजी लेबर ऑफिसरकडं गेला.

लेबर ऑफिसर राधाकिशन नांदूरघाटाकडचा, इथल्याच मातीतला माणूस. पूर्वी त्याचं बोलणं एक घाव दोन तुकडे. ‘काम चुकवतो काय बे? उद्यापास्नं येऊ नको,’ म्हणायचा, आणि परवा आलं तर घ्यायचा. पण ह्या साली चेअरमननं पुण्याहून एक सल्लागार आणला. त्यानं राधाकिशनला नेऊन थंड हवेच्या खोलीत बसवलं आणि त्याच्या जिभेवरून ‘काढणे’, ‘बंद’ आणि ‘नाही’ हे तीन शब्द घासून पुसून टाकले. राधाकिशन परत आला तो असा पॉलिश होऊन, की जेवताना बायकोला ‘भाजीत मीठ नाही’ म्हणायच्या ऐवजी ‘भाजीला वाढीची भरपूर संधी आहे’ म्हणाला. बायकोनं दोन दिवस चूल पेटवली नाही म्हणतात.

“सायेब, एकच इचारतो,” धुळाजी म्हणाला. “माझी नोकरी हाय का गेली?”

“धुळाजी, बस आधी. तुझ्या प्रवासातला एक सुंदर टप्पा पूर्ण झालाय.”

“हां. आन म्होरचा टप्पा?”

“त्याची दारं चहूबाजूंनी उघडी आहेत. तुला आपण ‘विश्रांत सक्षम’ गटात घेतलंय.”

“घेतलंय? म्हंजी हाय!”

“घेतलंयच की.”

“मंग बॉयलर पेटला की येऊ?”

राधाकिशननं खिडकीकडं बघितलं. “येण्याची तुझी जी भावना आहे ना, ती कारखाना मनापासून जपतो.”

“भावना न्हाई सायेब. मी येऊ का? मी. आंगानं.”

राधाकिशननं घाम पुसला. पंखा चालू होता. “आपण कामगार आणि कारखाना असं नसतंच धुळाजी. आपण कुटुंब आहोत.”

“त्ये झालं. पर कुटुंबात जेवायला कोन बसनार हाय?”

ह्यावर राधाकिशन जे बोलला ते इतकं गोड होतं की टेबलावर मुंगळे आले. पण त्यात हो नव्हतं आणि नाही पण नव्हतं.

धुळाजीला राग यायला हवा होता. पण तो मुळात चौकस माणूस. लहानपणी मेंढरू आजारी पडलं की ते का पडलं हे बघायला त्यानं स्वतः तोच पाला खाल्ला होता. त्याला वाटलं, हे शब्द काय प्रकरण आहे ते तरी बघू. दुपारी पारावर सगळे जमले तर प्रत्येकाला राधाकिशननं वेगळा शब्द दिलेला. हरिबा ‘संधीवंत’. फिटर सटवा ‘मुक्त सहकारी’. गेटवरचा वॉचमन ‘बाह्य सुरक्षा स्नेही’, तो बिचारा एकच विचारत होता, “बाह्य म्हंजी मी गेटच्या आत उभं ऱ्हायचं का भाईर?”

त्याचं कुणी ऐकलं नाही, कारण तोवर कुणाचा शब्द मोठा ह्यावर भांडण लागलं होतं.

“संधीवंत म्हंजी श्रीमंताच्या जवळचं हाय,” हरिबा म्हणाला.

“आसंल. पर मुक्त सहकारी म्हंजी डायरेक्टरच्या लायनीतलं,” सटवा म्हणाला. “आमच्या आईनं तर पाव्हन्यांना सांगितलं बी.”

आणि खरंच सांगितलं होतं. सटवाची आई छबुबाई दोन वर्षं पोराला मुलगी शोधत होती. नुसता फिटर म्हटल्यावर कुणी दारात उभं करीना. मुक्त सहकारी झाल्याचं कळताच नेकनूरकडचे पाहुणे जीप करून आले. त्यातल्या एका चिकित्सक मामानं विचारलं, “ह्यांच्या हाताखाली किती मान्सं?” छबुबाई म्हणाली, “मुक्त हाय तो. हाताखाली बी कुनी न्हाई आन डोक्यावर बी कुनी न्हाई.” मामा खूश झाला आणि साखरपुड्याची तारीख धरून गेला.

धुळाजी हे सगळं ऐकत होता. त्याला वाटलं, शब्द असा वाढत चालला तर उद्या आपण चेअरमनच व्हायचो, आणि तरी बॉयलर पेटल्यावर गेटातून आत जायचं का नाही ते कळायचं नाही. म्हणून तो चेअरमनकडंच गेला.

चेअरमन सुंदरराव छावणीवर होते. बाजेवर बसून कडब्याच्या पेंढ्यांचे फोटो काढून घेत होते. धुळाजीला बघताच ते उठले. धुळाजी दचकला. इतक्या वर्षांत सुंदरराव त्याच्यासाठी कधी उठले नव्हते. आज उठले, खांद्यावर हात ठेवला आणि खुर्ची मागवली.

“काय रं धुळाजी, तब्येत?”

“बरी हाय आप्पा. माझी नोकरी...”

“तुझा बाप आन माझा बाप एका ताटात जेवलेत. मी तुला काढीन का?”

“मंग ऱ्हायली का?”

“काढनं हा शबुदच आपल्या कारखान्यात न्हाई आता. पुण्याच्या सायबानं काढून टाकलाय.”

“मंग दिवाळी झाली की येऊ कामावर?”

“येऊ नको म्हनलं का कुनी?”

“न्हाई.”

“मंग झालं तर.”

“मंग येतो.”

“गडबड कशापायी करतो? दम धर. मार्गशीर्ष जाऊ दे.”

“बंकटचा ट्रॅक्टर रविवारी हाय आप्पा. त्याला काय सांगू?”

सुंदररावांनी पान लावून त्याच्या हातात दिलं. “त्याला म्हनावं, आप्पानं रामराम सांगितलाय.”

पान गोड होतं. माळ चढेपर्यंत धुळाजीनं ते चघळलं आणि घरी आल्यावर सत्यभामाला सगळं इत्थंभूत सांगितलं: उठले, हात ठेवला, खुर्ची, पान, रामराम.

सत्यभामा ज्वारी निवडत होती. म्हणाली, “तुमी शबुद ऐकून आलाव. मानूस बगितला का?”

“म्हंजी?”

“माझा बाप गेला तवा माझ्या बहिनीचा नवरा सायकलवर सांगावा घेऊन आल्ता. काय म्हनला? तर आबाची तब्येत जरा जास्ती हाय, चल. आता सांगावं तर आसंच लागतं, वाटंत बाई कोसळंल म्हनून. पर मी तांब्या म्होरं केला, तर त्यानं पानी घेतलं न्हाई. उन्हातून आला, वठ फाटल्याले, तरी न्हाई. उंबऱ्याच्या भाईरच उबा. मी म्हनलं, गेला माझा बाप.”

 हे धुळाजीलाही ठाऊक होतं, सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. वाईट सांगावा आणणारा तोंडानं काहीही सांगेल, पण त्या घरचं पाणी पीत नाही, चहा घेत नाही. घेतला तर त्या घरचं दुःख पोटात जातं म्हणतात.

“राधाकिशन सायेब रविवारी घरोघर फिरनार हाय म्हनं,” सत्यभामा म्हणाली. “कुटुंब-भेट का काय ते. येऊ द्या. मी चहा टाकते.”

धुळाजीनं मांडीवर थाप मारली. कारण राधाकिशन आणि चहा ही काय जोडी होती! जन्मल्यावर त्याला मधाऐवजी चहा चाटवला होता म्हणतात. कारखान्याच्या कँटीनवाल्यानं त्याच्या जिवावर दोन मजली घर बांधलं. उन्हाळ्यात टँकर आला नाही तर लोक म्हणत, राधाकिशनला बोटानं टोचा, चहा तरी निघेल. असा माणूस चहा नको म्हणाला, तर मग विचारायलाच नको.

सत्यभामानं हे टँकरच्या रांगेत एकट्या दगडाबाईला, हरिबाच्या बायकोला, सांगितलं आणि वर ‘कुनाला सांगू नको’ म्हणाली. टँकर रिकामा होईस्तोवर ते पार तालुक्याच्या शिवंपर्यंत गेलं.

रविवारी सकाळी गावातल्या प्रत्येक चुलीवर आधण होतं. दूध छावणीतून उसनं आणलेलं, साखर कारखान्याचीच.

पहिलं घर हरिबाचं. राधाकिशननं बसून संधींवर पुष्कळ बोलून घेतलं. दगडाबाईनं कपबशी पुढं ठेवली. आलं घातलेलं. राधाकिशनचा हात सवयीनं पुढं गेला, बशीला बोटं लागली, आणि तिथंच थांबला. पुण्याच्या सायबानं जीभ घासली होती, हात नाही.

“उपास आहे,” राधाकिशन म्हणाला.

“उपासाला चहा चालतो की, भाऊसायेब.”

“पित्त झालंय.”

“मंग पानी घ्या घोटभर.”

राधाकिशन तांब्याकडं बघत राहिला. मग उठलाच. त्याची पाठ वळते न वळते तोच दगडाबाईनं असा गळा काढला की शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन धावल्या, कारण सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. भावकीतले दोघं कुऱ्हाड घेऊन बाभळीकडं निघालेही. मग त्यातल्या एकाला सुचलं, “पर गेलं कोन?”

हरिबा दारात येऊन म्हणाला, “माझी नोकरी.”

“आरं तिच्या! मंग लाकडं नकोत का?”

दुसरं घर सटवाचं. छबुबाईनं केशर घातलं होतं म्हणतात. कुठनं आणलं देव जाणे. राधाकिशननं बशी बघितली, छबुबाईचं तोंड बघितलं, आणि ‘डॉक्टरनं मना केलंय’ म्हणाला. छबुबाई रडली नाही. तिनं फक्त साखरपुड्याचं लुगडं पेटीच्या तळाला टाकलं.

इथं एक गोष्ट घडली ती धुळाजीला लई महिन्यांनी कळली. आपण आत्ताच ऐकून घेऊ. दगडाबाईचा हंबरडा छावणीपर्यंत गेला आणि सुंदररावांचा फोन आला. “राधाकिशन, तुझ्या चहापायी माझी मतं चाललीत. हितनं म्होरं जिथं जाशील तिथं प्यायचा. बशी पुसून प्यायचा.” राधाकिशन म्हणाला, “आप्पा, पाप लागंल.” सुंदरराव म्हणाले, “त्या पापाला वाढीची संधी हाय असं समज.”

मग राधाकिशन प्यायला. तिसऱ्या घरी प्यायला, चौथ्या घरी प्यायला, बिगर दुधाचा प्यायला, करपलेला प्यायला. घराघरातून आनंदाच्या आरोळ्या उठू लागल्या. हाय, आमची हाय! बाया एकमेकींना हळदीकुंकू लावू लागल्या. दुपार कलली तेव्हा राधाकिशन चालला की भरलेली पखाल बैलावर हलावी तसा आवाज येत होता, आणि तहानलेली दोन वासरं त्याच्या मागं लागली होती.

धुळाजीची वस्ती गावाच्या टोकाला, तिच्यापुढं फक्त कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या आप्पारावाचं घर. वस्तीखालच्या रस्त्यावर बंकटचा ट्रॅक्टर येऊन उभा होता. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या आणि माणसं. हरिबा आणि दगडाबाई पण त्यात होती. सकाळी जागा कमी पडली तसं बंकटनं मागं आणखी एक ट्रॉली जोडली होती.

“दाजी!” बंकट खालून ओरडला. “दिवस चालला. बोला आता!”

“थांब जरा! सायेब चहा घेऊ दे!”

सगळ्या ट्रॉलीला त्या चहाचं महत्त्व ठाऊक होतं. कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

राधाकिशन बाजेवर टेकला. आज तो शब्द बोललाच नाही. टप्पा नाही, दारं नाही, कुटुंब नाही. नुसता बसला. सत्यभामानं कपबशी आणून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली. धुळाजी उकिडवा बसून त्याच्या बोटांकडं बघत होता. बोटं पुढं गेली. बशी उचलली. चहा बशीत ओतला, फुंकर घातली, डोळे मिटले आणि राधाकिशननं सुर्र करून चहा ओढला. उरलेला बशीत ओतून तोही ओढला. बशी पुसून खाली ठेवली.

“हाय!” धुळाजी उडालाच. “बंकट, हाय! पिला! नोकरी हाय!”

ट्रॉलीतनं कुणी शिट्टी मारली. हरिबानं मान खाली घातली. बंकटनं हात हलवला आणि ट्रॅक्टरला किल्ली दिली.

राधाकिशन उठला. अंगणाच्या कडेला त्यानं चपला घातल्या, खाली बघत घातल्या, आणि चालू लागला. लिंबाखालून गेला, कुडाच्या फटीतून वळला, पाऊलवाटेला लागला.

“या सायेब परत!” धुळाजी म्हणाला.

राधाकिशन चालत राहिला.

आता ह्या मुलखात माणूस कुणाच्याही दारातून उठला की ‘येतो’ म्हणतो. वसुलीला आलेला बँकेचा माणूस म्हणतो. भांडून उठलेली नणंद म्हणते. एक शेळीचोर तर बेडीत निघाला तेव्हा जिची शेळी चोरली त्या म्हातारीला ‘येतो मावशे’ म्हणून गेल्याचं सांगतात. न बोलता उठतात ते फक्त एका घरातून, जिथून नुकतंच मढं उचललंय. तिथं येतो म्हटलं तर मरण परत येतं, म्हणून पाहुणा मुकाट चपला घालतो आणि मागं न बघता निघतो.

सत्यभामा पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. मग ती आत गेली आणि चहाचं पातेलं गोणीत कोंबून बाहेर आली. गोणीत परात, तवा, गोधड्या, सगळं सकाळपासूनच भरलेलं होतं.

“बंकट! थांबीव रं!”

“आगं, काय करती?” धुळाजी म्हणाला. “त्यानं चहा पिला! माझ्या डोळ्यांनी बगितला. बशी पुसली!”

“पिला. पर उटताना येतो म्हनला का?”

  धुळाजीनं कुडाच्या फटीकडं बघितलं, वाटेकडं बघितलं, आणि आत जाऊन आढ्याला खोचलेले दोन कोयते काढून आणले.

ट्रॉलीत हरिबानं सरकून जागा दिली. “काय झालं बे? हाय म्हनला ना आत्ता?”

“व्हती,” धुळाजी म्हणाला. “आता न्हाई.” आणि गंमत अशी की इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाच्या तोंडून नीट ‘नाही’ निघालं, तर त्याला छातीत मोकळं वाटलं. पोटात खड्डा पडला तो पडलाच. पण निदान खड्ड्याची खोली कळाली.

ट्रॅक्टर हलला. कोंबड्या पुन्हा बोलू लागल्या. धुळाजीला मात्र चैन पडेना.

“मला एक सांग,” तो सत्यभामाला म्हणाला. “त्यो इसरला आसंल का, का मुद्दाम?”

“काय करायचं तुमाला? कळालं ना आपल्याला?”

“आगं, पर कावून न्हाई म्हनला? चहा प्याला तर येतो म्हनायला काय झाल्तं?”

“पोट भरलं आसंल,” हरिबा म्हणाला. “तोंड उघडलं आसतं तर सांडला आसता.”

“तुमच्या हितं म्हनला का, सकाळी?”

“आमच्या हितं काय ऐकू येतंय! हिनं गळा काढल्ता.”

“मी काय मुद्दाम काढला का?” दगडाबाई म्हणाली. “आन आपुन कशापायी त्याचं एवढं बगायचं? त्यो सुखानं घरी जायचा आता.”

“सुखानं कसला जातोय,” सत्यभामा म्हणाली. “चपला उलट्या घातल्यात त्यानं.”

रस्ता वस्तीला वळसा घालून वर चढत होता. तिथून आप्पारावाचं घर हातावर ठेवल्यासारखं दिसतं. धुळाजी ट्रॉलीच्या फळीला धरून उभा राहिला. खाली अंगणात आप्पाराव हात नाचवत काहीतरी बोलत होता आणि बाजेवर राधाकिशन बसला होता. आप्पारावाच्या बायकोनं, सारजाबाईनं, बशी पुढं केली. राधाकिशननं ती तोंडाला लावली. आप्पारावानं तिथल्या तिथं गिरकी घेतली.

“तिथं बी पिला,” धुळाजी म्हणाला.

“बसा खाली, पडचाल,” सत्यभामा त्याचं धोतर ओढत म्हणाली.

“थांब, थांब. उटला.”

राधाकिशन उठला होता. त्यानं चपला घातल्या. आप्पाराव त्याच्यापुढं हात जोडून, वाकून, अंगणाच्या कडेपर्यंत आला. राधाकिशनची मान वळली नाही. तो सरळ वाटेला लागला, पाठीमागं ती दोन वासरं. आप्पाराव तरी हसतच परतला आणि गोठ्याकडं गेला. सारजाबाई मात्र बशी हातात घेऊन जागच्या जागी उभी राहिली. वाटेकडं बघत राहिली. बराच वेळ.

मग तिनं बशी खाली ठेवली आणि दोरीवरचं लुगडं ओढून घडी घालायला लागली.

“बंकट,” धुळाजी म्हणाला, “जरा दम धर गड्या. आजून एक कोयता निघतोय.”